बाबांची वही आणि ३६४ दिवसांचा विमा

५ ऑक्टोबर २०१९, शनिवार. आदल्या रात्रीपासून आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली होती आणि आमच्या गोरेगावच्या इमारतीतली बरीचशी मुलं तिकडे धावली होती. घरात घट बसले होते, आईची पूजा चालू होती. मी बाल्कनीत उभी राहून फोनवर आरेचे व्हिडिओ बघत होते, तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज आला. "हे वाचलंस का? आपल्यालाही लागू आहे असं दिसतंय."

खाली एक बातमी होती. अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी एका उद्घोषणेवर सही केली होती. ३ नोव्हेंबरपासून जो कोणी इमिग्रंट व्हिसा, म्हणजे तिकडे कायमचं राहायला जाण्याचा व्हिसा, मागेल त्याने अमेरिकेत पाय ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत आपल्याला मान्य प्रकारातला आरोग्य विमा लागू होईल हे दाखवायचं, नाही तर पुढे येऊ शकणारा वैद्यकीय खर्च स्वतः भागवण्याइतका पैसा आहे हे दाखवायचं. दोन्ही नसेल तर व्हिसा नाही.

माझी मुलाखत ६ नोव्हेंबरला होती. आणि मला वयाच्या अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे, रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं तो.

त्या एका महिन्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. परवा माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचं लग्न झालंय, नवरा तिकडे आहे, कागदपत्रं जमवणं चालू आहे. "ताई, तुझ्या वेळी विम्याचं काय झालं होतं गं?" असं तिने विचारलं आणि मी तासभर बोलत राहिले. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. माझा नवरा चौदा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर ठाण्याहून न्यू जर्सीला गेला आणि पुढे अमेरिकेचा नागरिक झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये आमचं लग्न झालं, गोरेगावातच, एका लहान हॉलमध्ये. एप्रिलमध्ये त्याने माझ्यासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज भरला. तो मंजूर व्हायला वर्ष गेलं. मग व्हिसाचा अर्ज डीएस-२६०, प्रायोजकाच्या म्हणजे नवऱ्याच्या हमीचा आय-८६४, वॉर्ड ऑफिसातून विवाह नोंदणीचा दाखला, जन्मदाखला, पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स. हे सगळं कंटाळवाणं असतं, पण अवघड नसतं. एकेक कागद मागतात, आपण एकेक देतो. सप्टेंबरात मुलाखतीची तारीख आली तेव्हा आईने पेढे वाटले होते.

हमीच्या अर्जाचं गणित मला पाठ होतं. दोन माणसांच्या कुटुंबासाठी त्या वर्षी प्रायोजकाचं उत्पन्न निदान २१,१३७ डॉलर लागायचं, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. नवरा एका छोट्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडे काम करतो आणि तेव्हा वर्षाला ३८ हजारांच्या आसपास मिळवत होता. त्यामुळे पैशाचा प्रश्न सुटलेला आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

नव्या हुकुमाने तो पुन्हा उघडला. अमेरिकेत पन्नासहून कमी पूर्णवेळ माणसं असलेल्या मालकावर कामगारांना विमा देण्याची सक्ती नाही. नवऱ्याच्या कंपनीत एकूण बारा जण. म्हणून तो सरकारी मार्केटप्लेसवरून, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात तिथून, विमा घ्यायचा. उत्पन्न कमी म्हणून हप्त्यात सरकारी सवलत मिळायची. मी गेले की माझंही नाव त्यात घालायचं असं ठरलेलं होतं. हुकुमातली विम्यांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिथेच थबकले. नोकरीतून मिळणारा विमा चालेल. घरच्या माणसाच्या विम्यात नाव असलं तरी चालेल. पूर्ण हप्ता स्वतः भरून घेतलेला चालेल. किमान ३६४ दिवसांचा अल्पमुदतीचा किंवा पाहुण्यांसाठीचा विमा चालेल. मार्केटप्लेसवरून सवलतीत घेतलेला मात्र चालणार नाही. म्हणजे कायद्याने जी सवलत ग्रीन कार्डवाल्यांनाही दिलेली होती, तीच घेणार असं म्हटलं की व्हिसा नाही.

कोणाला सूट आहे तेही मी शोधून पाहिलं. नागरिकांच्या मुलांना होती. आईवडिलांसाठी थोडी वेगळी वाट होती. नवरा-बायकोसाठी काहीच नव्हतं. आम्ही त्यात सरळ बसत होतो.

त्या संध्याकाळी घरात मोठी बैठक झाली. आत्या आली होती. ती म्हणाली, "सांगायचंच कशाला डायबेटिसचं? दिसतेस का तू आजारी?" ती प्रेमानेच बोलली हे मला माहीत आहे. शाळेच्या सहलीला जाताना, कॉलेजच्या हॉस्टेलला, लग्नाच्या बोलणीत, दर वेळी कोणीतरी हेच म्हणत आलंय. लग्नाच्या वेळी मी पहिल्या भेटीतच नवऱ्याला सांगितलं होतं, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला होता तो असा की शुगर खाली गेली तर मी काय करायचं. त्या एका प्रश्नावर मी होकार दिला, हे आईला अजून माहीत नाही.

तेव्हा लपवण्याचा प्रश्न नव्हता. आणि ज्यांना हा मोह होईल त्यांना मी कळकळीने सांगते, लपवू नका. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत मुळात क्षयासारखे संसर्गजन्य रोग, लसी, व्यसन, इतरांना धोका होईल अशा मानसिक व्याधी हे बघतात. केवळ मधुमेहामुळे तेव्हा या तपासणीत व्हिसा अडत नव्हता. खोटं बोलल्याने मात्र कायमचा अडू शकतो.

सोमवारी मी विम्याच्या मागे लागले. दादरच्या एका एजंटकडे गेले, बाबांच्या ओळखीतले. त्यांच्याकडे परदेश प्रवासाच्या पॉलिसी होत्या, पण सहा महिन्यांपुढची एकही नव्हती. वर पॉलिसी घेणाऱ्याने भारतात परत यायला हवं, ही अट. "तुम्ही कायमच्या चाललात ना ताई, मग ही तुमच्यासाठी नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही. दुसऱ्या एकाने मात्र फोनवरच सांगितलं की टुरिस्ट म्हणून टाकू, आजाराच्या रकान्यात नाही लिहू, ३६४ दिवसांचं सर्टिफिकेट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर. पैसेही फार नव्हते. मी फोन ठेवला आणि बराच वेळ हात कापत होता. त्या महिन्यात घाबरलेल्या किती जणांनी त्याच्याकडून तो कागद घेतला असेल कोणास ठाऊक.

तिकडे नवरा कामावरून आला की रात्री विमा कंपन्यांना फोन लावायचा. आमचं रोजचं बोलणं आता तेवढंच उरलं होतं. त्याच्या रात्री, माझ्या सकाळी.

"अगं, शॉर्ट टर्मवाले न्यू जर्सीत विकतच नाहीत."

"का?"

"राज्याने बंद केलंय. त्यात जुने आजार धरत नाहीत म्हणून."

म्हणजे यादीतला एक पर्याय आमच्या राज्यात अस्तित्वातच नव्हता, आणि तो नव्हता ते माझ्यासारख्यांचं भलं व्हावं म्हणून. वर न्यू जर्सीने त्याच वर्षीपासून, २०१९ पासून, प्रत्येक रहिवाशाला नीट विमा असलाच पाहिजे असा स्वतःचा कायदा लागू केला होता.

पाहुण्यांसाठीचा ३६४ दिवसांचा विमा ऑनलाइन मिळत होता, सातशे-आठशे डॉलरला. त्याच्या अटी मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचल्या. आधीपासूनचे आजार वगळलेले. अचानक बळावलेल्या जुन्या आजाराला थोडं संरक्षण, पण नेहमीची औषधं, तपासण्या, काही नाही. मला ज्या एकाच गोष्टीसाठी विमा हवा होता ती सोडून बाकी सगळ्यासाठी तो होता. मग तीस वर्षांखालच्यांसाठी असतो तो कॅटॅस्ट्रॉफिक, म्हणजे फक्त मोठ्या संकटासाठीचा प्रकार पाहिला. मी एकोणतीसची, म्हणजे वयात बसत होते. पण त्यात २०२० साठी पहिले ८,१५० डॉलर स्वतःच्या खिशातून. तोवर जवळपास सगळा औषधपाणी आपला. असा विमा वकिलातीला चालला असता, पण माझ्या आजाराच्या कामाचा नव्हता.

आणि पूर्ण हप्त्याचा विमा? महिन्याला साडेतीनशे डॉलरच्या पुढे. तेही एक वेळ केलं असतं. पण तो घेण्यासाठी कंपनी विचारत होती, सोशल सिक्युरिटी नंबर काय? राज्यातला पत्ता कोणता, कधीपासून? तो सरकारी ओळख क्रमांक मिळतो तिथे पोहोचल्यावर, पोहोचायला हवा व्हिसा, आणि व्हिसासाठी हवा विमा. नवऱ्याने हे पाच वेगवेगळ्या लोकांना फोनवर समजावून सांगितलं. एका बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, पण माझ्या कॉम्प्युटरला हा प्रश्नच कळत नाही." त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला. मला ऐकू येऊ नये म्हणून त्याने फोन म्यूट केला, पण व्हिडिओ चालूच होता.

विम्याचे रस्ते असे एकेक करून बंद झाले. उरला दुसरा पर्याय, खर्च भागवण्याइतका पैसा आहे हे दाखवण्याचा. हुकुमातले शब्द होते, आधी अंदाज करता येण्यासारखा वैद्यकीय खर्च. पण माझा अंदाज कोण करणार? खिडकीपलीकडचा अधिकारी 'इन्शुलिन' हा शब्द ऐकून किती आकडा धरणार? अमेरिकेतल्या इन्शुलिनच्या किमती मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या. एका नावाजलेल्या इन्शुलिनच्या एका बाटलीची छापील किंमत २७५ डॉलर. तेव्हाच्या एकाहत्तरच्या भावाने एकोणीस हजार रुपयांवर. मी गोरेगाव स्टेशनसमोरच्या दुकानातून ४०० युनिटची ह्युमन इन्शुलिनची बाटली दीडशे रुपयांच्या आसपास घेत होते.

हे मी जेवताना बोलून गेले. बाबा ऐकत होते. हात धुऊन ते आतल्या खोलीत गेले आणि कपाटावरची वही घेऊन आले.

या वहीबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा बेस्टच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. २००१ साली परळच्या वाडिया रुग्णालयात मला पंधरा दिवस ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी ही वही सुरू केली. लांबट, तांबड्या कापडाच्या पुठ्ठ्याची, दुकानदार दिवाळीला चोपडी पूजतात तशी. पहिल्या पानावर माझं नाव, त्याखाली तारीख आणि पहिली नोंद, "इन्शुलिन २ बाटल्या, सुया १०, कापूस." समोर रुपये आणि पैसे. अठरा वर्षांत एकही महिना चुकला नव्हता. वही भरली की दुसरी शिवून जोडायची, त्यामुळे ती चांगली तीन इंच जाड झाली होती. कडेला बारीक अक्षरात इतरही काही लिहिलेलं. "आज शाळेत चक्कर, ग्लुकोज दिले." "बारावीची परीक्षा, शुगर १४२." "लग्न." त्या 'लग्न' शब्दापुढे नेहमीसारखाच साखर मोजायच्या स्ट्रिप्सचा खर्च होता. मला वही आहे हे माहीत होतं. उघडून कधी पाहिली नव्हती.

"त्यांना अंदाज कशाला करायला लावतेस?" बाबा म्हणाले. "अठरा वर्षांचा पक्का हिशेब आहे आपल्याकडे."

पुढचे चार दिवस आम्ही बापलेक जेवणाच्या टेबलावर बसून होतो. बाबांनी शेवटच्या तीन वर्षांची सरासरी काढली. दिवसाला ४० युनिट म्हणजे ४०० युनिटच्या महिन्याला तीन बाटल्या, रोज तीन वेळा तपासणी म्हणजे नव्वद स्ट्रिप्स, सिरिंज, तीन महिन्यांनी एचबीएवनसी म्हणजे सरासरी साखरेची तपासणी, वर्षातून एकदा डोळे आणि किडनी. मुंबईत महिन्याला अडीच हजार रुपयांच्या आत. त्यात स्ट्रिप्सच अठराशेच्या. लोकांना वाटतं इन्शुलिन महाग असतं. इथे महाग पडतं ते बोट टोचून मोजणं.

मग हाच हिशेब तिकडच्या भावाने मांडायचा होता. नवऱ्याने जाऊन दुकानं पालथी घातली आणि एक गोष्ट शोधून काढली जी आधी कोणीच सांगितली नव्हती. मी घेते तेच जुनं ह्युमन इन्शुलिन, रेग्युलर आणि एनपीएच या दोन प्रकारांतलं, वॉलमार्टच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सुमारे २५ डॉलरला मिळत होतं, आणि ती बाटली हजार युनिटची. स्ट्रिप्सही त्यांच्याच, स्वस्त. त्याने बाटलीचा, किमतीच्या पट्टीचा, काउंटरचा फोटो पाठवला. बाबांनी चश्मा कपाळावर चढवून फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हजार युनिट? मग ती शंभरची आहे. तुझ्या सिरिंज चालणार नाहीत."

हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, कारण यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४०. सिरिंजही त्याच मापाची, लाल टोपणाची. अमेरिकेत १०० युनिटची, नारिंगी टोपणाची. तिकडचं इन्शुलिन आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो. मी एकोणतीस वर्षांची, अठरा वर्षं स्वतःला टोचून घेतेय, आणि हे बाबांना फोटोत दिसलं, मला नाही.

हिशेब असा झाला : औषधं, स्ट्रिप्स, सुया महिन्याला शंभर डॉलरच्या आत, डॉक्टर आणि लॅब धरून वर्षाला अडीच हजार डॉलर. नवऱ्याच्या बचत खात्यात दहा हजार होते. बाबांनी स्वतःच्या मुदत ठेवीची पावती त्याला जोडायची ठरवली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "तू गप्प बस. हा कागद मला जोडायचाय."

डॉक्टरांकडे गेले. लहानपणापासून तेच मला बघतात. खर्चाचं पत्र द्याल का विचारलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुढे किती खर्च येईल हे मी कोणाबद्दलच लिहू शकत नाही. तू कशी राहतेस ते लिहितो." आणि त्यांनी लिहिलं. अठरा वर्षं, डोळे, किडनी, नसा यांत कसलीही गुंतागुंत नाही, एचबीएवनसी ७.१, रुग्ण स्वतःची काळजी उत्तम घेते. ते पत्र मी रिक्षात तीन वेळा वाचलं. आजवर माझ्या आजाराबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.

वैद्यकीय तपासणी त्याच आठवड्यात झाली, वकिलातीने मान्य केलेल्या डॉक्टरांकडे. छातीचा एक्स-रे, रक्त, राहिलेल्या लसी. रांग मोठी होती, माझी शुगर उतरायला लागली, मी डबा काढून पोळीभाजी खाल्ली. मधुमेहाचं विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

दिवाळी आली. त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, लक्ष्मीपूजनाला, २७ तारखेला, कंदिलाला प्लास्टिक गुंडाळावं लागलं होतं. निवडणुकीचे निकाल लागले होते आणि सरकार कोणाचं यावरून सगळीकडे चर्चा. आमच्याकडे मात्र एकच विषय. बाबांनी लक्ष्मीपूजनाला ती वहीही पाटावर ठेवली.

३० ऑक्टोबरला नवऱ्याने सांगितलं की ओरेगनमध्ये पोर्टलंडच्या न्यायालयात कोणीतरी दावा लावलाय. सात अमेरिकी नागरिक आणि लॅटिनो नेटवर्क नावाची तिथली एक संस्था. त्या नागरिकांचा प्रश्न आमचाच होता, घरचं माणूस बाहेर अडकण्याचा. मला खरं सांगायचं तर आशा वाटली नाही. आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, प्रवासबंदीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या बाजूने निकाल दिला होता, आणि हा हुकूमही त्याच कलमावर काढलेला. मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटचा अंदाज होता की वर्षाला पावणेचार लाख लोकांना याचा फटका बसू शकतो. एवढ्या मोठ्या आकड्यात आपण कुठे, असं वाटायचं.

रविवारी, ३ नोव्हेंबरला पहाटे फोन वाजला. तिकडे शनिवारची रात्र.

"थांबवलं," एवढंच तो म्हणाला. "जजने थांबवलं."

न्यायाधीश मायकेल सायमन यांनी शनिवारी, हुकूम लागू व्हायच्या काही तास आधी, संपूर्ण देशासाठी २८ दिवसांची तात्पुरती मनाई दिली होती. मी आईला उठवलं. आई देवाकडे गेली. बाबा उठून बसले आणि त्यांनी विचारलं, "अठ्ठावीस दिवस म्हणजे कधीपर्यंत?" मी म्हटलं, "३० नोव्हेंबर." "मग मुलाखत आत बसते," ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. पण झोपले नाहीत, मला दिसत होतं.

तरी फाइल पूर्ण घेऊनच गेले. मनाई शनिवारी झाली, मुलाखत बुधवारी, मधल्या कामाच्या दोन दिवसांत खिडकीवरच्या माणसापर्यंत काय पोहोचलंय कोणी सांगावं?

६ नोव्हेंबरला महा चक्रीवादळाच्या बातम्या होत्या, आभाळ भरलेलं. सकाळी लोकलने बांद्रा, तिथून ३१० नंबरची बस, पाच रुपये तिकीट. बाबा सोबत होते. बसमध्ये चढताना त्यांनी सवयीने बसचा डेपो वाचला. अमेरिकेची वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडीहून बीकेसीत, म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुलात, आली. बोटांचे ठसे द्यायला मी आधी बीकेसीतच येऊन गेले होते. फोन, पिशवी आत नेता येत नाही. बाबांकडे दोन्ही दिलं. कुर्त्याच्या खिशात लिमलेटच्या चार गोळ्या ठेवल्या. हातात फाइल, आणि फाइलमध्ये बाबांच्या हिशेबाचे सहा पानी टाइप केलेले तक्ते. मूळ वही बाबांच्या काखेत. "मागितली तर बाहेर ये, मी इथेच आहे," ते म्हणाले. आत गेलेल्याला मध्येच बाहेर येता येईल का हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

आत बराच वेळ बसावं लागलं. माझ्या शेजारी पंजाबची एक मुलगी होती, ती मुलाखतीसाठी आदल्या दिवशी मुंबईत आली होती. तिच्या मांडीवर विम्याचा जाडजूड कागद होता. "ये लगेगा क्या?" तिने विचारलं. मी तिला न्यायालयाचं सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि कागदावर तिने दोन्ही हात ठेवले. किती पैसे गेले ते मी विचारलं नाही.

खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी शपथ घ्यायला लावली. मग विचारलं, कसे भेटलात? लग्नाला त्याच्याकडचं कोण आलं होतं? लग्नानंतर तो किती वेळा आला? तो काय काम करतो? मी सांगत गेले. मग त्यांनी वैद्यकीय अहवालाचं पान उलटलं आणि थांबले.

"तुम्ही इन्शुलिन घेता?"

"हो. २००१ पासून."

मी फाइलमधल्या तक्त्यांवर हात ठेवला. मनात पहिलं वाक्य तयार होतं, आरशासमोर शंभर वेळा म्हटलेलं. त्यांनी मान हलवली, काहीतरी टाइप केलं, आणि म्हणाले की तुमचा व्हिसा मंजूर आहे, पासपोर्ट ठेवून घेतो.

विम्याचा शब्दही निघाला नाही. बाहेर आले तेव्हा बाबा समोरच्या फुटपाथवर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि वही पिशवीत टाकली.

पुढचं थोडक्यात. २६ नोव्हेंबरला त्याच न्यायाधीशांनी मनाई पुढे चालू ठेवली. ३१ डिसेंबर २०२० ला वरच्या न्यायालयाने ती उठवायचा निर्णय दिला, आणि शेवटी १४ मे २०२१ ला नव्या अध्यक्षांनी तो हुकूमच मागे घेतला.  मावसबहिणीला मी हेच सांगितलं की मुलाखतीच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावरची सूचना स्वतः वाच, कोणा एजंटच्या व्हॉट्सॲपवरची नको. आणि विम्याचे कागद आत्ताच जमवायला लाग, नियम असो-नसो. तिला दमा आहे. पंपाची किंमत, डॉक्टरांचं पत्र, तिकडे तेच औषध कोणत्या नावाने मिळतं, हे तिला तसंही लागणारच आहे.

मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले. विमानात इन्शुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासह. सामानात टाकलं तर गोठून वाया जाऊ शकतं. १५ डिसेंबरपर्यंत मार्केटप्लेसची नोंदणी चालू होती, तिथे नवऱ्याच्या विम्यात माझं नाव घातलं, सवलतीसकट, आणि १ जानेवारीपासून तो लागू झाला. इमिग्रंट म्हणून आलेल्या बायकोला ही सवलत तेव्हाही कायद्याने मिळतच होती. आम्ही कोणाचं काही घेतलं नाही.

मुंबईहून नेलेल्या बाटल्या फेब्रुवारीत संपल्या. त्या दिवशी मी लाल टोपणाच्या उरलेल्या सिरिंज सुयांच्या डब्यात टाकल्या, नारिंगी टोपणाची पहिली उघडली, खूण दोनदा तपासली आणि टोचून घेतली. मग बाबांना फोन लावला. गोरेगावात रात्र झाली होती. मी सांगितलं की आजपासून इकडचं सुरू केलं.

"सिरिंज बदललीस?"

"हो बाबा."

"किती पडले?"

मी सांगितलं, विम्यातून बाटलीमागे वीस डॉलर. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा.

"आजचा भाव काय धरू?" बाबांनी विचारलं.